दुरुस्त केलेला ट्रक पुन्हा का तापतो?



मळवली स्टेशन सोडून भाज्याच्या अंगाने आत शिरले, की रस्ता लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या खिंडीकडे चढू लागतो. चढ सरता सरता लोहगडवाडी लागते. २०२५ साली लोहगडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत लागले. पण वाडीत घर बांधायचे तर वीट, वाळू, खडी आणि सिमेंट ट्रकनेच वर आणावे लागते, आणि तेही बहुतेक वाट पहिल्या-दुसऱ्या गिअरात.

समजा, अशा चढावर ज्याचे पोट आहे असा एक ट्रकवाला आहे. त्याची गाडी तापू लागली. फिटर म्हणाला, पाण्याचा पंप गेला. पंप बदलला. आठ दिवस बरे गेले आणि काटा पुन्हा लाल रेघेला टेकला. मग रेडिएटर उतरवून, डाग देऊन आणला. मग कोणी तरी सांगितले की आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही, म्हणून तो काढून टाकला. मग हेड उतरवून पॅकिंग बदलले. एवढे सगळे होऊन भाजे मागे पडले की काटा आपला वर! इकडे भाडी बुडतात, तिकडे बँकेचा हप्ता काही थांबत नाही. शेवटी चौथा फिटर सांगतो, ‘आता इंजिनच बांधून घ्या.’ इंजिन बांधायचे म्हणजे ट्रकवाल्याचे वर्ष गेले. तो निर्णय घेण्याआधी काय काय पाहावे, तेवढेच आज सांगायचे आहे.

यातला एखादा फिटर लबाड होता असे मला म्हणायचे नाही. पंप खरेच झिजलेला असेल, रेडिएटर खरेच गळत असेल. जुन्या गाडीत जिथे हात घालाल तिथे काही तरी खराब सापडतेच. पण खराब भाग सापडला म्हणजे गाडी तापण्याचे कारण सापडले असे होत नाही. या गाडीचे चार भाग बदलले गेले; मात्र ती तापते कुठे, केव्हा आणि किती, हे चौघांपैकी कोणी विचारले नाही. इथेच सगळे पैसे गेले.

आधी जरा हिशेब मांडू. लोहगडवाडीचा चढ चढून आलेला हाच ट्रक उद्या बोरघाटातही जाणार आहे, म्हणून हिशेब बोरघाटाचाच घेऊ. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर उंच, आणि लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे घाट चढणारा ट्रक साडेपाचशे मीटर वर उचलला जातो. भरलेली गाडी २५ टनांची धरली, तर नुसते ते वजन वर न्यायला सुमारे १० लिटर डिझेल जळते. चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांचा खर्च निराळा. या डिझेलमधली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक उष्णता कामी लागते, जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि साधारण चौथा हिस्सा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाट्याला येतो. हा चौथा हिस्सा म्हणजे केवढा? आधीच उकळत असलेले ४० लिटर पाणी त्याने पार वाफ होऊन उडून जाईल! आणि हे सारे अर्ध्या-पाऊण तासात. तेवढी उष्णता रेडिएटरने घाटातल्या हवेत फेकायची असते. १८३० साली हा घाट गाडीरस्ता म्हणून खुला झाला. १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली. तिची चढण सदतीस फुटांना एक फूट, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. ट्रकला मागून ढकलणारे कोणी नसते. त्याला आपले ओझे आणि आपली उष्णता दोन्ही एकट्यानेच वाहावी लागते.

या व्यवहारात पाणी म्हणजे हमाल आहे. इंजिनात उष्णतेचे ओझे उचलायचे, रेडिएटरपर्यंत न्यायचे, वाऱ्याच्या हवाली करायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. तेव्हा गाडी तापते याचे अर्थ तीनच: ओझेच फाजील आहे, नाही तर हमाल नीट चालत नाही, नाही तर वारा ओझे घेत नाही. यांपैकी कोणते, हे नटबोल्टला हात न लावता बरेचसे कळते.

पण त्याही आधी एक शंका फेडून घ्यावी. काटा खरे बोलतो का? तापमान सांगणारी पितळी गोळी दुसऱ्या गाडीची बसवली, किंवा इंजिनाची अर्थ-वायर गंजली, तर गार इंजिन तापलेले दिसू शकते. हल्ली लांबून तापमान दाखवणारे पिस्तुलासारखे यंत्र बऱ्याच गॅरेजांत असते. त्याने थर्मोस्टॅटच्या घराचे तापमान पाहावे. मात्र चकचकीत धातूवर ते यंत्र चुकीचे, कमी आकडे दाखवते; म्हणून जिथे मोजायचे तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा. बी.एस. सहा गाडी असेल तर स्कॅनर जोडून संगणकातला आकडा पाहावा. काटा ११० सांगतो आणि यंत्र ८८ सांगते, असे निघाले तर ट्रकवाल्याचे वर्ष वाचले.

आता गाडी खरोखरच तापते असे धरू. कुठे तापते? मळवली ते लोहगडवाडी या चढावर तापते, पण तेच वजन घेऊन जुन्या महामार्गाने कामशेत, वडगाव असे वेगात गेले तर तापत नाही, असे असेल तर संशय पहिल्याने वाऱ्यावर घ्यावा. चढावर गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने चालते. समोरून वारा नाही. सगळा भार पंख्यावर. सपाटीला वेगाचा वारा पंख्याची उणीव भरून काढतो, चढावर ती उघडी पडते. उलट, चढावर कशीबशी निभावते पण महामार्गावर वेग धरला की तापते, तर बहुधा पाणी फिरण्यात किंवा रेडिएटरच्या नळ्यांत दोष असतो. रिकामी कधीच तापत नाही, भरली की तापते, अशी गाडी म्हणजे एकूण शक्तीच कमी पडते आहे. रेडिएटर अर्धामुर्धा बुजलेला आहे किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता करते आहे. आणि सकाळी गार इंजिन सुरू केले, पाणी कोमट व्हायच्या आतच वरचा होजपाइप दगडासारखा कडक झाला, तर तिथे पाण्यात कुठून तरी हवा किंवा जळका वायू घुसतो आहे.

माझ्या मते याहूनही मोलाची एक परीक्षा आहे, आणि ती फारशी कोणी करत नाही. रेडिएटरला वरून गरम पाणी येते आणि खालून गार होऊन जाते. चढ चढून गाडी बाजूला घेतली, की इंजिन चालू ठेवून लगेच दोन्ही होजपाइपांचे तापमान मोजावे. हात आणि सदऱ्याची बाही पंख्यापासून दूर ठेवून, बरे का! भरल्या ट्रकमध्ये साधारण पाच ते दहा अंशांचा फरक असतो. फरक फारच मोठा, म्हणजे वर आग आणि खाली कोमट असेल, तर हमाल रेंगाळतो आहे: पाणी कमी फिरते. फरक अगदी थोडा, दोन्ही नळ सारखेच तापलेले, तर पाणी धावते आहे पण वारा उष्णता घेत नाही. या एका मोजमापाने निम्मी गाडी संशयातून मोकळी होते. चार-पाच हजारांचा पंप घ्यावा की पंख्याकडे पाहावे, हे इथेच ठरते.

आता आपल्या ट्रकवाल्याने केलेल्या दुरुस्त्या एकेक करून पाहू. कारण दुरुस्ती करताना नवे दुखणे मागे ठेवले जाते, ही गोष्ट गॅरेजात सहसा बोलली जात नाही.

पंप घ्या. नवा पंप म्हणजे चांगला पंप, असे समजण्याचे कारण नाही. स्वस्त पंपातले पाते कधी आखूड असते, कधी पाते आणि इंजिनाचे अंग यांत अंतर जास्त राहते, आणि पाणी पुढे जाण्याऐवजी तिथेच घुसळले जाते. कधी पुली मोठी बसवली जाते, मग पंप हळू फिरतो. पट्टा चकचकीत झाला असेल तर रिकाम्यावर नीट ओढतो आणि भरात घसरतो. आणि सगळ्यांत फसवा प्रकार खालच्या होजपाइपचा. पंप या नळातून पाणी ओढून घेतो. नळ जुना, मऊ झालेला असेल, किंवा पंप बदलताना त्याच्या आतली तारेची स्प्रिंग काढून ठेवली आणि परत घातली नाही, तर इंजिन जोरात फिरू लागताच तो नळ आतल्या आत चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद करतो. गॅरेजात इंजिन मंद चालू असते तेव्हा नळ गुबगुबीत दिसतो. म्हणून पंपाला दोष देण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून एकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने त्या नळावर नजर ठेवावी. दोन मिनिटांचे काम आहे.

रेडिएटर डाग देऊन आणला, म्हणजे काय झाले? गळणारी नळी दोन्ही तोंडांशी बंद केली गेली. गळती थांबली हे खरे, पण त्या नळीतून आता पाणीही जात नाही. अशा पाच-सात वेळा डाग दिलेल्या रेडिएटरात किती नळ्या जिवंत आहेत, हे कोणी मोजलेले नसते. गाडी तापवून, इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर त्याच यंत्राने जाळीचे तापमान जागोजाग पाहावे. जिथे थंड पट्टा सापडेल तिथल्या नळ्या बुजलेल्या समजाव्या.

बाहेरून तर रेडिएटर हमखास बुजतो, आणि आपल्या मावळात फारच. पावसाळ्यात लाल चिखल, पुढे भाताच्या झोडणीच्या दिवसांत पेंढ्याचे कूस आणि तूस, उन्हाळ्यात खडीची भुकटी. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. पण टर्बो असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे हवा गार करणारा इंटरकूलर असतो, आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत हा सगळा केर गादीसारखा दाबून बसतो. समोरून पाणी मारणारा माणूस तो केर आणखी घट्ट करतो. ती फट उघडून, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या दाबाच्या पाण्याने धुवावे. गाड्या धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याने जाळीची पाती आडवी होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. लोहगडवाडीच्या चढावर तापणाऱ्या आणि महामार्गावर न तापणाऱ्या गाडीत मी असतो तर पहिला हात इथे घातला असता.

दुसरा हात पंख्यावर. रेडिएटर काढताना पंख्याभोवतीचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कडे काढावे लागते. परत बसवताना ते आडवे येते, कंटाळा येतो, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ते पडून राहते. ‘नुसता पत्रा तर आहे,’ असे म्हणतात. अहो, त्या कड्यामुळेच पंखा रेडिएटरच्या संपूर्ण जाळीतून हवा ओढतो! कडे नसले तर तो आजूबाजूची इंजिनाची गरम हवाच पुन्हा पुन्हा घुसळत बसतो. रेडिएटरच्या बाजूंचे रबर-पट्टे गेले तरी तोच प्रकार होतो. काही गाड्यांच्या पंख्याला आपोआप धरणारा क्लच असतो. इंजिन गार असताना पंखा हाताने सैल फिरला तर चालेल, पण चांगले तापलेले इंजिन बंद केल्यावर तो तसाच भिंगरीसारखा फिरत असेल तर क्लच गेला. आणि पंखा उलटा बसवलेलाही पाहायला मिळतो. वारा त्याच दिशेला जातो, पण पात्यांचा बाक उलटा पडल्याने बराच कमी जातो, म्हणून चटकन ओळखू येत नाही.

आता थर्मोस्टॅट. हा बिचारा फुकट बदनाम झाला आहे. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. ती तापून फुगली की झडप उघडते. बहुतेकांवर ८० ते ९० अंशांमधला एक आकडा ठोकलेला असतो. त्या आकड्याला झडप हलू लागते आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. पातेल्यात पाणी घ्यावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून सोडावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि चुलीवर ठेवावे. कुठल्याही चहाच्या दुकानात होणारी ही परीक्षा आहे. उघडला तर ठेवावा, नाही तर नवा आणावा. पण काढून टाकू नये, आणि याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे न जाता एका आखूड वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते. ट्रकच्या बहुतेक थर्मोस्टॅटांना दोन कामे असतात: रेडिएटरची वाट उघडणे, आणि त्याच वेळी ही आखूड वाट बंद करणे. थर्मोस्टॅट काढला की आखूड वाट उघडीच राहते. पाणी सोपी वाट धरते. बरेचसे पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जाते. म्हणजे गार राहावी म्हणून केलेला उपाय चढावर गाडी तापवतो, आणि उतारावर किंवा रिकाम्या फेरीत इंजिन इतके गार ठेवतो की डिझेल नीट जळत नाही, तेल खराब होते आणि लायनर झिजतात. ‘थर्मोस्टॅट नसला की पाणी फार घाईने पळते, म्हणून गार व्हायला वेळ मिळत नाही,’ असेही एक स्पष्टीकरण ऐकू येते. ते खरे नव्हे. पाणी वेगाने फिरले तर उष्णता अधिकच वाहून नेते. दोष पाण्याच्या वेगाचा नाही, त्याच्या वाटेचा आहे.

रेडिएटरचे झाकण ही तर सर्वांत स्वस्त वस्तू, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. समुद्रकाठी पाणी १०० अंशांवर उकळते. लोणावळ्याच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. चांगल्या झाकणाने आत चौदा-पंधरा पौंडांचा दाब धरला, तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले, स्प्रिंग मेली, किंवा दुसऱ्याच गाडीचे झाकण बसवले, की हा वीस अंशांचा आधार गेला. पाणी उकळते, बाहेर फेकले जाते, उरलेले पाणी कमी पडते आणि गाडी तापते. मग लोक म्हणतात, गाडी पाणी खाते.

हेडच्या पॅकिंगकडे आता येऊ, कारण ‘इंजिन बांधा’ हा सल्ला इथूनच निघतो. पाण्यात बुडबुडे दिसले, पॅकिंग बदलले, तरी बुडबुडे येतात. तेव्हा फिटर म्हणतो की हेडला तडा आहे किंवा लायनर गेले. असेल. एकदा फार तापलेले हेड वाकते, आणि सपाट पट्टी व फीलर लावून ते न तपासता नुसते पॅकिंग बदलले तर ते पुन्हा जळणारच. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनर ब्लॉकच्या वर ठरावीकच उठून बसला पाहिजे. तो कमी-जास्त असला तरी पॅकिंग टिकत नाही. बोल्ट ठरल्या क्रमाने आणि ठरल्या जोराने आवळले पाहिजेत. हे सगळे खरे. पण त्याआधी एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरकडे पाहिले का?

ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर बहुतेक ट्रकांत इंजिनाच्याच पाण्याने गार होतो. त्याच्या छोट्याशा हेडचे पॅकिंग फुटले, की दाबाची हवा सरळ पाण्यात घुसते. रेडिएटरात बुडबुडे, होज कडक, पाणी बाहेर, गाडी गरम. सगळी लक्षणे हुबेहूब हेड पॅकिंग गेल्याची! याची पारख अशी: कॉम्प्रेसरचे पाण्याचे दोन नळ सोडवून एकमेकांना जोडावे, म्हणजे पाणी कॉम्प्रेसरला वळसा घालून जाईल. मग गार इंजिन सुरू करून झाकण उघडे ठेवून पाहावे. कॉम्प्रेसर बिनपाण्याचा चालू द्यायचा तो एक-दोन मिनिटेच. बुडबुडे थांबले तर इंजिन निर्दोष आहे. हजारो रुपयांच्या जागी एका लहान पॅकिंगचे काम. बुडबुडे चालूच राहिले तर दुसरी परीक्षा: बाजारात एक निळे रसायन मिळते, रेडिएटरच्या तोंडावर त्याची नळी धरली आणि आत जळका वायू असला, तर ते पिवळे पडते. साध्या हवेने पिवळे पडत नाही. ज्या नव्या गाड्यांत धूर गार करणारा ई.जी.आर. कूलर असतो, तिथे तो फुटूनही जळका वायू पाण्यात येतो, हेही लक्षात असावे. हेड दुसऱ्यांदा उतरवण्याआधी एवढे करून घ्यावेच.

पाणी बदलताना आत कोंडलेली हवा हे दुरुस्तीनंतर लगेच तापणाऱ्या गाडीचे नेहमीचे कारण. हेडमध्ये हवेचा गोळा अडकला की तिथले लोखंड कोरडे पडते, काटा एकदम उडतो आणि एकदम खाली येतो. भरताना नाक चढाकडे करून गाडी उभी करावी. लोहगडवाडीत त्यासाठी चढ शोधायला जावे लागत नाही! हवा सोडायचे स्क्रू असतील ते उघडावे, हळूहळू भरावे, इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबावे आणि गार झाल्यावर पुन्हा पातळी पाहावी.

कोणते पाणी भरावे? आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. बोअरच्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो तोच इंजिनाच्या आत धरतो. हा थर उष्णता नेण्यात बिडापेक्षा वीसपटींहून अधिक मंद, म्हणजे मिलिमीटरभर थर हा जणू बोटभर जाडीचे बीड मध्ये घातल्यासारखा. अशा इंजिनात रेडिएटर नवा, पंप नवा, होजमधले पाणी ठीक, आणि तरीही हेड मात्र आतून भाजत असते. गडावरच्या किंवा भाजे लेण्यांतल्या टाक्यांत साठते तसले पावसाचे पाणी मऊ असते, थर धरत नाही. पण नुसते मऊ पाणीही लोखंडाला गंज चढवते. म्हणून शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण, बहुधा निम्मे-निम्मे, हेच योग्य. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ हा प्रश्न थर्मोस्टॅटच्या प्रश्नाचाच भाऊ आहे. कूलंट आपल्याकडे लागते ते गंज थांबवायला, उकळी लांबवायला, आणि ओल्या लायनरला बाहेरून सुईच्या टोकाएवढी भोके पडतात ती टाळायला. पण शुद्ध कूलंट बिनपाण्याचे भरू नये. ते पाण्याइतकी उष्णता वाहत नाही. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. आणि जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा अंगणात ओतू नये. ते गोडसर लागते, कुत्री-वासरे चाटतात, आणि ते विष आहे.

राहिला ओझ्याचा भाग. त्यावर फार बोलायला नको, कारण काळा धूर आपणच बोलतो. जोर वाढावा म्हणून पंपाचे डिझेल वाढवलेले असते, टायमिंग मागे गेलेले असते, एअर फिल्टर गच्च भरलेला असतो, टर्बोचा पाइप फुटलेला असतो, किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिलेला असतो. सपाटीला दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक मारून गाडी उभी केली आणि चारही कोपऱ्यांच्या ड्रमांचे तापमान मोजले, की अडकलेला ब्रेक लगेच सापडतो. आणि वजन! पासिंगपेक्षा पाच टन जादा खडी भरून रेडिएटरला दोष देणाऱ्याला कोणतेही यंत्र मदत करणार नाही.

चालवणाऱ्याचाही हात असतो. तिसऱ्या गिअरात इंजिन कण्हत असताना ड्रायव्हर गिअर उतरवायला नाखूश असतो, डिझेल वाचते म्हणून. पण इंजिन हळू फिरते तेव्हा पंपही हळू आणि पंखाही हळू, उष्णता मात्र पुरी. तेच दुसऱ्या गिअरात घेतले, फेरे वाढू दिले, तर पुष्कळ वेळा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. गाडी तापते म्हणून गॅरेजला नेण्याआधी एक फेरी अशी करून पाहावी.

दुरुस्ती करायची ती एका वेळी एकच, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तोच चढ, तेवढेच वजन, शक्यतो दिवसाची तीच वेळ. दोन भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळत नाही, आणि दुखणे परत आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खिशातल्या वहीत चार आकडे लिहावे: चढाच्या पायथ्याशी तापमान, माथ्याशी तापमान, वरच्या-खालच्या नळांतला फरक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती पाणी घालावे लागले. पुढच्या फिटरपुढे ही वही ठेवली तर त्याचेही काम सोपे होते, आणि तो अंदाजाने भाग बदलायलाही जरा बिचकतो.

आणि घाटात गाडी तापलीच तर? बाजूला सुरक्षित जागा पाहून थांबावे, हँडब्रेक लावावा, चाकामागे दगड द्यावा. पट्टा तुटलेला नसेल आणि पाणी फेकले गेलेले नसेल, तर इंजिन एकदम बंद न करता काही मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते आणि टर्बोही निवतो. पट्टा गेला असेल किंवा पाणी नसेल तर मात्र तत्काळ बंद. झाकणाला हात लावायचा नाही. आत १०० अंशांच्या वरचे पाणी दाबाखाली कोंडलेले असते. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर उसळते, आणि असे भाजणे आयुष्यभर चेहऱ्यावर राहते. वरचा होजपाइप मुठीत निवांत धरवेल इतका गार होईपर्यंत थांबावे. मग जाड फडके टाकून झाकण अर्धे वळवावे, दाब सुटू द्यावा आणि नंतर उघडावे. तापलेल्या इंजिनात झऱ्याचे गार पाणी भसकन ओतले तर हेड तडकते. म्हणून थोडे थोडे, इंजिन चालू ठेवून घालावे. निघताना चाकामागचा दगड उचलून रस्त्याच्या कडेला दूर टाकावा; रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.